तिसरा बोल्ट

धुळा मेंढक्याच्या घरातला. मैंदर्गीच्या माळावर बापाची मेंढरं होती, बापामागं ती थोरल्या भावाकडं आली, आणि धुळानंही जन्मभर तीच राखली असती. पण अक्कलकोटच्या रस्त्यावर सर्व्हिस मोटार सुरू झाली आणि हा गडी एके दिवशी काठी भावाच्या हातात देऊन मोटारीमागं गेला तो गेलाच. आधी मोटारीला पाणी घालायचा, मग क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. एकोणीसशे चौतीस साल उजाडलं तेव्हा सोलापुरातल्या नारायणराव मोहोळकर वकिलांच्या गाडीवर सोफर म्हणून त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. अंगात खाकी कोट, लष्कर भागातल्या चाळीत एक खोली, बायको मायाक्का, आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायांच्या तोंडी ‘सोफरीणबाई’ हा तिचा मान. एवढं त्याचं साम्राज्य होतं, आणि तो त्यात सुखी होता.

गाडी अमेरिकी बनावटीची, कापडी टपाची, हिरव्या रंगाची. वकिलांचा तिच्यावर जीव होता. खरं सांगायचं तर कोर्टापुढं गाडीतून उतरताना चार माणसं वळून बघायची, त्या बघण्यावर त्यांचा जास्त जीव होता.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर वकील एका पक्षकाराच्या घरच्या कार्याला दुधनीला गेले. रस्ता म्हणजे नुसत्या खाचा आणि गोटे. दोन दिवस गाडी हाडं मोडल्यासारखी हादरत गेली आणि तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी धुळानं पायाखालची कळ दाबली आणि तो दचकलाच. एरवी स्टार्टर एकदा गुरगुरायचा आणि इंजिन धरायचं. त्या दिवशी आतून असा आवाज आला, की वाटावं, कुणी पत्र्यावर दगड घासतोय. इंजिन सुरू झालं, पण तोवर शेजारच्या बंगल्यातली दोन माणसं गॅलरीत आली होती.

पुढं रोज तेच. कधी आवाज यायचा, कधी नाही. आला म्हणजे दातओठ खाल्ल्यासारखा खर्रर्र यायचा, आणि नेमका कोर्ट सुटायच्या वेळेला, सगळी वकीलमंडळी पायऱ्यांवर उभी असताना यायचा. कुणीतरी म्हणालं, “मोहोळकरांचं जातं सुरू झालं.” मंडळी हसली. नारायणरावही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले धुळानं आरशात बघितले.

धुळानं आपल्या परीनं शोध सुरू केला. दिवे लावून कळ दाबली, तर दिवे मंदावत नव्हते. म्हणजे बॅटरी चांगली होती. मग वकिलांच्या माळ्याच्या बायकोला विनवून तिला कळीवर पाय ठेवायला सांगितला, आणि स्वतः बॉनेट उघडून स्टार्टरच्या अंगावर तळहात ठेवला. ताप आलेल्या मेंढराच्या अंगावर ठेवावा तसा. स्टार्टर थरथरत नव्हता, हलत होता. कळ दाबली की एका बाजूला कलायचा, सोडली की जागेवर यायचा. धुळा गाडीखाली शिरला. स्टार्टर तीन बोल्टांवर बसलेला असतो. दोन होते. खालच्या अंगाच्या तिसऱ्याचं भोक रिकामं होतं.

तो संध्याकाळी वकिलांपुढं हात बांधून उभा राहिला.

“सायेब, घावलं. खालचा एक बोल्ट रस्त्यात गळून पडलाय. त्यानं स्टार्टर तिरका हुतोय, आन् त्येचे दाते मोठ्या चाकाच्या दात्यावर सरळ बसंना झालेत. जोतीराम मिस्त्रीच्या लेथवर बोल्ट करून आनतो. अर्ध्या दिसाचं काम हाय.”

नारायणराव कागद वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पुण्याच्या मोटार कंपनीला मी कालच सविस्तर पत्र टाकलंय. तिथं शिकलेली माणसं आहेत.”

“पन सायेब, तितल्या मानसाला हितला बोल्ट कसा दिसनार?”

हे बोलायला नको होतं. नारायणरावांनी कागद खाली ठेवला.

“तू गाडी चालवायची. उघडाउघडी करायची नाही. परवा त्या डॉक्टरांच्या सोफरनं गियरबॉक्स उघडली, ती आजतागायत कुणाला बसवता आली नाही. माझ्या परवानगीशिवाय गाडीला पाना लावलास, तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.”

आठवड्यानं पुण्याहून पत्र आलं. स्टार्टर झिजला असावा, नवा बसवावा, मुंबईहून मागवावा लागेल, दीडदोन महिने लागतील. वकिलांना ते पत्र आवडलं. क्लबात त्यांनी चौघांना सांगितलं, की नवा स्टार्टर मुंबईहून येतोय. एकदा असं सांगून झाल्यावर एका बोल्टानं काम भागणं त्यांना परवडणारं नव्हतं. धुळाला त्यांनी हुकूम दिला, “नवा येईपर्यंत कळ दाबायची नाही. चारचौघांत शोभा होते. हँडल मार.”

धुळानं हँडल मारायला सुरुवात केली. त्याला ते नवं नव्हतं. सर्व्हिस मोटारीला स्टार्टर होताच कुठं? सुकाणूच्या चाकाखाली ठिणगीची एक छोटी दांडी असते. ती वर ठेवायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन आपल्या बाजूनं फिरतं. खाली ओढली तर ठिणगी आधी पडते, आणि हातातलं हँडल घोड्यानं लाथ झाडावी तसं उलटं येतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलावर गुंडाळायचा नाही. हे त्यानं कितीतरी क्लीनरांना शिकवलं होतं.

ते बोल्टाचं रिकामं भोक मात्र त्याच्या मनातून जाईना. दुपारी वकील कोर्टात असले की गाडी झाडाखाली दोनदोन तास उभी असायची. जोतीरामाचं दुकान तिथून हाकेवर. कुणाला कळलं नसतं. दोनदा तो पाना हातात घेऊन गाडीपाशी बसला आणि दोन्ही वेळा पाना परत पेटीत ठेवला. मालकानं नको म्हटलंय, मग नको.

पौषातली सकाळ होती. थंडीनं इंजिनातलं तेल घट्ट झालेलं. वकिलांना अक्कलकोटच्या कोर्टात पोचायचं होतं. धुळानं सातआठ वेळा हँडल मारलं, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. नारायणराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई फराळाचा डबा घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

“बाजूला हो, मी आत बसतो,” वकील म्हणाले. “तू नुसतं फिरव.”

“बसा सायेब. पन चाकाखालच्या दांडीला हात लावू नगा. वर हाय ती वरच असू द्या.”

“कळतं मला.”

धुळा वाकला. एकदा मारलं, दोनदा मारलं. तिसऱ्या वेळेला खांद्याचा जोर लावून हँडल वर ओढलं आणि इंजिननं ते जोरात उलटं फेकलं. मनगटात वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. धुळा मागं फेकला गेला. दुखायचं अजून सुरू झालं नव्हतं. डोळ्यांपुढची अंधारी सरली, तेव्हा त्याला गाडीच्या काचेतून वकिलांचा हात दिसला. तो हात खाली ओढलेली दांडी हळूच परत वर सारत होता.

मग वकील खाली उतरले. “अंगठा वरून धरला असशील,” ते म्हणाले.

धुळानं पायरीकडं बघितलं. सरोजिनीबाईंची नजर गाडीच्या सुकाणूवर होती. त्यांनी ती काढून हातातल्या डब्याकडं वळवली.

वकिलांनी टांगा करून त्याला दवाखान्यात धाडलं. औषधपाण्याचं बघितलं, महिनाभराचा पगारही घरी पोचवला. कुणी म्हणू नये की वकील वाईट माणूस. फक्त जो कुणी विचारेल त्याला ते सांगत, “फार दिवस झाले की माणूस बेफिकीर होतो. अंगठा चुकला बिचाऱ्याचा.” ही गोष्ट मोटारवाल्यांच्या अड्ड्यावर पोचली. ज्यांना धुळानं अंगठा धरायला शिकवलं होतं, ती पोरंही माना हलवून म्हणाली, चुकतंय, चुकतंय कधीकधी.

पट्टी सुटली तेव्हा मनगट वाकडं जुळलं होतं. अंगठा बोटांना मिळत नव्हता. पाना धरला तर गळून पडायचा, सुकाणू फिरवताना कळ खांद्यापर्यंत जायची. वकिलांच्या गाडीवर तोवर दुधनीचा मडिवाळप्पा लागला होता. मायाक्का गिरणीत सूत उकलायच्या खात्यात जाऊ लागली. पहाटे भोंगा झाला की ती निघायची, आणि धुळा डाव्या हातानं चूल पेटवायला शिकायचा.

फाल्गुनात एके सकाळी मडिवाळप्पा चाळीत आला. नेमस्त, हळू बोलणारा माणूस. कन्नड घरातला, मराठी जपून बोलायचा.

“धुळाण्णा, नवा स्टार्टर आला की री. जोतीरामानं बसवला. पन आवाज हाय तसाच हाय. वकीलसायेब माझ्यावर तापलेत. म्हनाले, धुळाला आन.”

अमावास्येची सुट्टी म्हणून मायाक्का घरी होती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “जाऊ नगा. हात खाल्ला, आता काय खायाचं ऱ्हायलंय?”

“आवाज कशाचा त्ये मला ठावं हाय,” धुळा म्हणाला.

“ठावं हाय म्हनून जायाचं?”

त्यानं खुंटीवरचा खाकी कोट काढला आणि डाव्या हातानं गुंड्या लावत बाहेर पडला. त्याला जायचंच होतं. आपण बरोबर होतो हे एकदा त्या अंगणात, त्या माणसापुढं उभं राहून बघायचं होतं.

वकील कोर्टात गेले होते, टांग्यानं. गाडी अंगणातच होती. धुळानं मडिवाळप्पाला कळ दाबायला सांगितली. खर्रर्र.

“आता गाडी गियरात घाल आन् दोन हात म्होरं ढकल. गियर काढ. दाब.”

आवाज निम्म्यावर आला.

“परत ढकल. दाब.”

या खेपेला पुन्हा दातओठ खाल्ले.

“बघ,” धुळा म्हणाला. “इंजिन बंद पडतं तवा मोठं चाक दोनच जाग्यांवर थांबतं. तितंच दाते खाल्ल्यात. म्हनून कदी वाजतं, कदी न्हाय. पन दाते आपुआप खात न्हाईत. आता खाली शीर.”

दोघं गाडीखाली पाठीवर आडवे झाले. धुळानं डाव्या हाताचं बोट वर केलं. नवा कोरा चकचकीत स्टार्टर होता, आणि त्याच्याखाली तेच भोक रिकामं होतं. आतले आटे पार गुळगुळीत झाले होते. जोतीरामाला त्यात बोल्ट बसला नसणार. दोनावर भागतंय म्हणून त्यानं सोडून दिलं असणार. धुळा थोडा वेळ त्या भोकाकडं नुसता बघत राहिला. मडिवाळप्पाला वाटलं, त्याला खाली गुदमरतंय.

“काय झालं, अण्णा?”

“काय न्हाय. बॅटरीची तार काढ आधी.”

काम सुरू झालं. मडिवाळप्पाचे हात, धुळाची जीभ. स्टार्टर उतरवला. भोक हातड्रिलनं थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडले. मडिवाळप्पा जोतीरामाकडं जाऊन त्या मापाचा बोल्ट लेथवर करून घेऊन आला, स्प्रिंगचा वॉशरही आणला. स्टार्टरच्या दांड्यावरचं घट्ट झालेलं वंगण रॉकेलनं धुतलं. मग प्लग काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरावं, आणि मडिवाळप्पा पुढं जाऊन हँडल एकेक दाता फिरवू लागला. स्टार्टरच्या रिकाम्या जागेतून मोठ्या चाकाचे दाते एकेक करून समोर येत होते. जे खाल्लेले होते त्यांच्या कडा धुळा बारीक कानशीनं घासत होता. डाव्या हातानं कानस सरळ चालत नव्हती. एका दात्याला उजव्यापेक्षा चौपट वेळ लागत होता. तरी तेवढं काम त्यानं मडिवाळप्पाला दिलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा सगळं जागच्या जागी बसलं. मडिवाळप्पानं कळ दाबली. स्टार्टर एकदा गुरगुरला आणि इंजिन लागलं. बंद करून परत दाबली. दहा वेळा दाबली. दहाही वेळा तसंच. मडिवाळप्पाच्या तोंडावर हसू फुललं. धुळालाही वाटलं होतं की आपल्याला आनंद होईल. पण त्याला फक्त मनगट दुखत असल्याचं कळत होतं.

तेवढ्यात टांगा आला. वकील उतरले, त्यांच्याबरोबर एक निवृत्त मामलेदार होते. इंजिनाचा आवाज ऐकून वकिलांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः बसून कळ दाबून बघितली.

“काय होतं?”

“खालचा तिसरा बोल्ट, सायेब,” मडिवाळप्पा म्हणाला.

“मला वाटलंच होतं,” नारायणराव मामलेदारांकडं वळून म्हणाले. “मी पहिल्यापासून म्हणतोय, दोष जोडणीत असणार. पण पुण्याचे लोक ऐकतील तर शपथ. हा आमचा मडिवाळप्पा, हुशार माणूस आहे.”

मडिवाळप्पानं धुळाकडं बघितलं. त्याचं तोंड उघडल्यासारखं झालं आणि मिटलं.

“आणि हा?” मामलेदारांनी विचारलं.

“हा जुना सोफर. हँडल मारताना अंगठा चुकवला आणि हात घालवून बसला. धुळा, आलास ते बरं केलंस. ऐक, माझ्या एका पक्षकाराच्या वखारीवर राखणदार पाहिजे. बसून काम आहे. मी शब्द टाकतो.”

आता ‘व्हय सायेब’ म्हणायचं आणि मान लववून निघायचं, एवढंच काम होतं. मायाक्काची गिरणी सुटली असती. धुळाला हे सगळं कळत होतं.

“अंगठा चुकला न्हाय, सायेब,” तो म्हणाला. “दांडी तुमी खाली वढली. मी बघितलं. मागनं वर सारली त्येबी बघितलं.”

 नारायणरावांचे कान लाल झाले. मग ते अगदी सावकाश, न्यायाधीशापुढं बोलतात तसं बोलले.

“तुला घेरी आली होती त्या वेळी.”

“बाईसायेब पायरीवर हुत्या. त्येन्लाबी दिसलंय.”

सरोजिनीबाई आताही दारातच होत्या. पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी धुळाकडं बघितलं, त्याच्या वाकड्या मनगटाकडं बघितलं. क्षणभर धुळाला वाटलं, बोलणार.

“मला बाई गाडीतलं काय कळतंय,” त्या म्हणाल्या, आणि तांब्या चौकटीपाशी ठेवून आत गेल्या.

“दुखण्यानं माणसाच्या मनावर परिणाम होतो,” नारायणराव मामलेदारांना म्हणाले. वखारीचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

मायाक्कानं सगळं ऐकून घेतलं. 

“बोलायचं हुतं तर तवाच बोलायचं,” ती म्हणाली. “न्हाईतर आज गप ऱ्हायाचं. तुमी दोन्हीबी केलं न्हाय.”

चारसहा महिन्यांत मडिवाळप्पाचं नाव झालं. ज्यांचा स्टार्टर वाजेल ते वकिलांकडं विचारायला येत, आणि वकील कौतुकानं मडिवाळप्पाकडं बोट दाखवत. त्यानं नोकरी सोडून सात रस्त्यापाशी शेड घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात तो चाळीत आला.

“धुळाण्णा, माझ्या संगं चला की. तुमी बसून नुसतं ऐकायचं. आवाज कुटला, का येतोय, तेवढं सांगायचं. हात माझे. जे मिळंल त्यात निम्मं तुमचं. मला कानानं कळत न्हाय, खरं सांगतो.”

मायाक्का चुलीपुढं थांबली. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात पिठात थांबला होता.

“त्या दिशी वकील म्हनाला हा हुशार हाय,” धुळा म्हणाला. “तवा तुझी जीब कुटं गेल्ती?”

मडिवाळप्पाचा चेहरा उतरला. “भ्यालो, अण्णा. नोकरी नवी हुती. चुकलं माझं. म्हनून तर आलोय.”

“मग आता भिऊ नगंस. एकल्यानं कर.”

मडिवाळप्पा मग मायाक्काला नमस्कार करून निघून गेला. दोनदा त्यानं निरोप पाठवला. दोन्ही वेळा धुळानं नाही म्हणून सांगितलं. तिसरा निरोप आला नाही. मडिवाळप्पा चांगला माणूस होता, हे धुळाला त्या वेळीही कळत होतं. वकिलाला जे बोलायचं ते वकिलानं ऐकून घेतलं नव्हतं, आणि हा दारात उभा राहून ऐकून घेत होता, एवढाच त्याचा गुन्हा. मायाक्का त्यानंतर पंधरा दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

दिवाळीच्या सुमाराला धुळा मैंदर्गीला भावाकडं गेला. मायाक्का गिरणी सोडायला तयार नव्हती. ती चाळीतच राहिली, अमावास्येला येऊन जायची. भावानं काही विचारलं नाही. कातरणीचे दिवस होते. भावानं एक मेंढी पाय बांधून त्याच्यापुढं टाकली आणि हातात कातर दिली. उजव्या हातात ती उघडत होती, मिटत नव्हती. डाव्या हातात घेतली तर मेंढीच्या कातड्याला दोन ठिकाणी रक्त आलं. भावानं कातर काढून घेतली.

“ऱ्हाऊ दे,” भाऊ म्हणाला. “तू कोकरं बघ.”

कोकरं बघायचं काम धनगराच्या घरात दूध सुटलेल्या पोरांचं. धुळानं काठी घेतली आणि कोकरं ओढ्याच्या अंगाला हाकली.